शिष्यवृत्ती : शिष्याची वृत्ती



'शिष्यवृत्ती' हा शब्द शाळेत दर वर्षी अनेक वेळा कानांवर पडतो. परंतु त्याची फोड करून पाहण्याचे श्रम फार थोडे घेतात. 'वृत्ती' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक अर्थ उपजीविकेचे साधन असा. पूर्वी गावच्या जोशाची, कुलकर्ण्याची वृत्ती असे, ती या अर्थाने. दुसरा अर्थ मनाचा कल, अंतःकरणाची ठेवण असा. अमक्याची वृत्ती अभ्यासू आहे, असे आपण म्हणतो ते या अर्थाने. शिष्यवृत्ती या एका शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. विद्यार्जनाच्या काळात शिष्याच्या निर्वाहाची सोय, हा पहिला. आणि शिष्य म्हणवून घेण्यास लागणारी मनाची घडण, हा दुसरा. पहिली वृत्ती सरकार किंवा एखादा दाता देतो. दुसरी ज्याची त्याने कमवावयाची असते. दुसरीवाचून पहिली टिकत नाही, आणि पहिलीच्या अभावी दुसरी पुष्कळदा कोवळेपणीच करपून जाते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे दाखविण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

आपल्या वऱ्हाडात हा विषय केवळ शब्दचर्चेचा नाही. दहावी-बारावीचा निकाल लागतो, त्याच सुमारास शेतात पेरणीची घाई असते. बियाणे, खत व मजुरी यांना पैसा लागतो. आणि त्याच घरातील एक मुलगा किंवा मुलगी चांगले गुण मिळवून म्हणते, 'मला अमरावतीस शास्त्र शिकावयाचे आहे.' मग ओसरीवर हिशेब सुरू होतो. प्रवेशाची फी किती, खोलीचे भाडे किती, खाणावळ किती? हा हिशेब जुळला नाही, तर बुद्धी असूनही शिक्षण थांबते. आणि मुलगी असेल, तर ते अधिक लवकर थांबते. अशा घरात शिष्यवृत्तीची माहिती वेळेवर पोहोचली की नाही, एवढ्यावर एका आयुष्याची दिशा ठरू शकते.

दक्षिणेपासून परीक्षेपर्यंत

विद्येस द्रव्याचे साहाय्य करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर या दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये पुण्यास हिंदू कॉलेज निघाले, तेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. पुढे याच निधीतून हुशार पदवीधरांना 'दक्षिणा फेलो' म्हणून वेतन मिळू लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे अशा फेलोंपैकी एक होत. जे दान पूर्वी जन्म व पाठांतर पाहून दिले जाई, ते आता परीक्षा पाहून दिले जाऊ लागले. हा बदल लहान नव्हे. तथापि परीक्षेचे दार उघडले, म्हणून सर्वांस आत जाता आले असे मात्र झाले नाही.

याचे एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थिनीने ध्यानात ठेवावे असे आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिक येथे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी झाला. डेक्कन कॉलेजातून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, आणि तीही परीक्षा त्यांनी वरच्या क्रमांकाने जिंकली. अशा यशाबद्दल विलायतेत पुढे शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. परंतु उमेदवार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून ती त्यांना नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडातील काही सहृदय मंडळींनी वर्गणी जमविली. तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. त्या साहाय्याने सोराबजीबाई १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा उतरल्या. तेथेही पदवी हाती पडण्यास १९२२ साल उजाडावे लागले.

यानंतर काही वर्षांनी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणितात सीनियर रँग्लर झाले. परतल्यावर मोठ्या पगाराची नोकरी न पत्करता त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकविण्याचे व्रत घेतले. पुढे १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एका तरुण पदवीधरास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. साडेअकरा पौंडांत देशास काय लाभले, याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडता येणार नाही.

विज्ञानाच्या क्षेत्रात कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांचे चरित्र असेच बोधप्रद आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून प्रथम नकार दिला, आणि पुढे अटी घालून त्यांस घेतले. कमलाबाईंनी त्या अटी पाळून उत्तम काम करून दाखविले. नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. स्वदेशी परतल्यावर नीरेसारख्या सामान्यांच्या आहारातील पदार्थांवर त्यांनी काम केले.

ही नावे सांगण्याचा हेतू विभूतिपूजा हा नाही. या प्रत्येकाच्या ठायी दुसरी वृत्ती, म्हणजे अभ्यासाची वृत्ती, आधी सिद्ध होती. पहिली वृत्ती कोठे सहज मिळाली, कोठे झगडून मिळवावी लागली, तर कोठे परक्यांच्या औदार्याने हाती आली. आज कायद्याने दार सर्वांस उघडे आहे. अडसर उरला आहे तो बहुधा अज्ञानाचा व आळसाचा.

वऱ्हाडचा अनुभव

वऱ्हाडात फार काळपर्यंत महाविद्यालयच नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलास नागपूरला जाऊन १८८३ मध्ये स्कॉटिश मिशनने काढलेल्या हिस्लॉप कॉलेजात किंवा मॉरिस कॉलेजात शिकावे लागे, नाही तर पुण्याची वाट धरावी लागे. १९२३ मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेव्हा ही अडचण काहीशी कमी झाली. तेच कॉलेज आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

त्या अडचणीच्या काळात अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी १८९८ साली जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला आणि तेथून विलायतेस गेला. वडिलांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेथे एडिंबरो विद्यापीठात संस्कृतच्या अभ्यासाकरिता त्यांनी शिष्यवृत्ती संपादन केली, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरही झाले. हे डॉ. पंजाबराव देशमुख होत. परत आल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून खेड्यांतील मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय केली, आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. मुलाचे शिक्षण फीमुळे अडते तसेच निवाऱ्यामुळेही अडते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून ओळखले होते. आज महाराष्ट्र शासनाची, व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांकरिता वसतिगृह निर्वाह भत्त्याची जी योजना आहे, तिला त्यांचेच नाव आहे.

येथे आणखी एका दात्याचा विचार करणे योग्य होईल. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी जो निधी ठेवला, त्यातून मिळणारे साहाय्य हे कर्जाऊ असते. विद्यार्थ्याने शिकावे, कमवावे व रक्कम परत करावी. म्हणजे तीच रक्कम मागून येणाऱ्यास मिळते. केंब्रिजला जाऊन १९५९ मध्ये, म्हणजे परांजप्यांनंतर बरोबर साठ वर्षांनी, सीनियर रँग्लर झालेले जयंत विष्णू नारळीकर हे या निधीचेच विद्यार्थी. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले हे शास्त्रज्ञ २०२५ मध्ये पुण्यास निवर्तले. शिष्यवृत्ती कर्जाऊ असो वा नसो, ती घेणाऱ्याने स्वतःस ऋणकोच समजावे, हे या सर्वांच्या आचरणावरून दिसते. कोणी ते ऋण शिकवून फेडले, कोणी छात्रालय काढून, कोणी संशोधन करून.

आजची साधने

आता आजच्या विद्यार्थ्यास उपलब्ध असलेल्या मुख्य साधनांचा विचार करू.

आठवीत असतानाच 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती' या योजनेची परीक्षा देता येते. शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांकरिता ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असावे लागते. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. दहावीत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींकरिता अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. बारावीनंतर केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती येते. आपल्या परीक्षा-मंडळात वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या, व कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत ती वर्षास १२,००० रुपये देते, आणि तिच्यातील निम्म्या जागा मुलींकरिता आहेत. मात्र पुढील वर्षी ती चालू राहण्यासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी लागते.

शुद्ध विज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २००८ मध्ये 'इन्स्पायर' ही योजना सुरू केली. तीतील उच्चशिक्षण शिष्यवृत्तीची आखणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बारावीत आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात येऊन जो मूलभूत विज्ञानाच्या पदवीस प्रवेश घेईल, त्याला वर्षास ८०,००० रुपये. पैकी ६०,००० निर्वाहाकरिता, आणि २०,००० उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करण्याकरिता. आरंभी सांगितलेले 'वृत्ती' शब्दाचे दोन्ही अर्थ या एका योजनेत आले आहेत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात येईलच.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. योजना कायमच्या नसतात. १९६३ मध्ये दिल्लीत केवळ १० शिष्यवृत्त्यांनी सुरू झालेली व पुढे देशभर मान्यता पावलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली. १९९९ मध्ये निघालेली 'किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना' २०२२ मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये विलीन झाली. म्हणून थोरल्या भावाच्या वेळची माहिती धाकट्याने प्रमाण मानू नये. त्या त्या वर्षाचे सरकारी परिपत्रक स्वतः वाचावे, आणि रक्कम, अट व मुदत यांची खातरजमा शाळेच्या अथवा कॉलेजच्या कार्यालयात करून घ्यावी.

स्पर्धा कशासाठी?

शिष्यवृत्तीने पहिली वृत्ती मिळते. विज्ञानस्पर्धांचे काम दुसरी जोपासणे हे आहे. त्यांत सर्वांत मोठे नाव ऑलिंपियाडचे. गणिताचा आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाला, आणि भारत त्यात १९८९ पासून भाग घेऊ लागला. भौतिकीत भारत १९९८ मध्ये, रसायनात १९९९ मध्ये व जीवशास्त्रात २००० मध्ये उतरला. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे या सर्व कार्याचे राष्ट्रीय केंद्र आहे. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व खगोलशास्त्र यांच्या पहिल्या पायरीची परीक्षा भौतिकीच्या शिक्षकांची अखिल भारतीय संघटना घेते. तीतून निवडलेले पुढच्या पायरीस जातात, आणि शेवटी थोडे केंद्राच्या शिबिरास. आंतरराष्ट्रीय संघात गणिताचे ६, भौतिकीचे ५, व रसायन आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी ४ विद्यार्थी असतात. आंतरराष्ट्रीय परीक्षेत विद्यार्थ्यास आपल्या भाषेत प्रश्नपत्रिका घेता येते, हे मराठी माध्यमाच्या मुलांनी अवश्य जाणावे. विज्ञान कोणत्याही एका भाषेचे वतन नाही.

'ऑलिंपियाड' हे नाव धारण करणाऱ्या खाजगी परीक्षाही पुष्कळ निघाल्या आहेत. फी भरून त्या देण्यास हरकत नाही. परंतु त्यांचे पदक म्हणजे राष्ट्रीय निवड नव्हे, हे पालकांनी समजून असावे.

मोजके विद्यार्थी निवडले जाणार असतील, तर इतर हजारोंनी श्रम का करावे? याचे उत्तर एका साध्या प्रश्नाने देतो. विहिरीत वरून दगड सोडला. पाण्यात पडल्याचा आवाज २ सेकंदांनी ऐकू आला. पाणी किती खोल आहे? वर्गातील रीतीने गुरुत्वीय त्वरण ९.८ धरून अर्धे गुणिले ९.८ गुणिले २ चा वर्ग, म्हणजे १९.६ मीटर हे उत्तर येते, आणि बहुतेक जण तेथे थांबतात. स्पर्धेचा प्रश्न तेथून सुरू होतो: तुम्ही काय विसरलात? दोन सेकंदांत दोन प्रवास झाले, दगडाचा खाली व आवाजाचा वर. आवाजाचा वेग सेकंदास ३४० मीटर धरून वर्गसमीकरण सोडविले, तर दगडास पडण्यास सुमारे १.९४५ सेकंद लागले, व खोली सुमारे १८.५ मीटर निघते. उत्तर एका मीटरहून अधिक बदलले.

खरा अभ्यासू येथेही थांबत नाही. तो विचारतो, हे २ सेकंद मोजले कशाने? हातातील घड्याळाची कळ दाबण्यात एक दशांश सेकंदाची चूक झाली, तर खोलीत सुमारे १.८ मीटरची चूक होते. म्हणजे आवाजाच्या प्रवासाची जी सूक्ष्म दुरुस्ती आपण मोठ्या कौशल्याने केली, तिच्यापेक्षा मोजणीतील ढिलाई भारी ठरली! आधी वेळ दहा वेळा मोजून सरासरी घ्यावी, मग समीकरण सोडवावे. जो मुलगा हे शिकला, त्याचे नाव निवडयादीत आले काय आणि न आले काय, त्याचे श्रम वाया गेले नाहीत. भाभा केंद्र मागील प्रश्नपत्रिका सर्वांसाठी खुल्या ठेवते. त्या सोडविण्यास कोणाच्याही शिफारशीची गरज नाही.

कॉलेजात गेल्यावर ही वाट संपत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकीच्या शिक्षकांची तीच संघटना राष्ट्रीय परीक्षा घेते. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी केरळातील प्राचीन गणिती माधव यांच्या नावाची स्पर्धा पुण्याचे सर परशुरामभाऊ कॉलेज व भाभा केंद्र मिळून भरवितात. देशातील तीन विज्ञान अकादमी उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांच्या सान्निध्यात काम करण्याकरिता विद्यार्थी निवडतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांचा 'आविष्कार' हा संशोधन महोत्सव २००६ पासून होऊ लागला, आणि त्यात संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे विद्यार्थीही आपले काम मांडतात.

आपल्याच मातीतील विषय

प्रकल्पाची स्पर्धा आली, की ज्वालामुखीची प्रतिकृती किंवा सौर कुकर करावयाचा, असा एक परिपाठ पडून गेला आहे. प्रतिकृतीने हात चालतो. परंतु जो प्रश्न आधीच सुटला आहे, तो पुन्हा रंगवून दाखविणे म्हणजे संशोधन नव्हे. आपल्या दाराशी न सुटलेले प्रश्न पडलेले आहेत.

अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे, हे आपण सारे जाणतो; त्यातील विहिरींचे पाणी कित्येकांच्या घरी रोजचे आहे. एक विद्यार्थी एका विहिरीचे एक लिटर पाणी घेऊन ते गाळून, वजन केलेल्या स्वच्छ भांड्यात शिक्षकांच्या देखरेखीखाली मंद आचेवर आटवील, भांडे कोरडे व थंड करून पुन्हा तोलील, तर वजनात जी वाढ दिसेल ती त्या पाण्यातील क्षारांची. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल, तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. हाच प्रयोग पाच विहिरींवर, पावसाळ्याच्या आधी व नंतर, प्रत्येकी तीन वेळा केला, तर गावाच्या उपयोगाचा एक खरा तक्ता तयार होतो. पाणी गाळले नाही तर मातीचे वजन क्षारांत मिळेल, भांडे ओलसर राहिले तर पाण्याचे मिळेल. या चुका ओळखणे व टाळणे, यातच विज्ञानाचे निम्मे शिक्षण आहे.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी हा असाच दुसरा विषय. शेतात कामगंध सापळा लावून त्यात रोज किती पतंग सापडले याची नोंद ठेवावी. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी ८ पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ आली असे शेतकी शास्त्र सांगते. वडिलांच्या शेतात ही वही लिहिणारा मुलगा स्पर्धेत काय मिळवील ते मिळवो. फवारणी केव्हा करावी, हे घरात तो आधाराने सांगू शकेल. अकोल्यास १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेथील तज्ज्ञांस नम्रपणे प्रश्न विचारावयास विद्यार्थ्याने संकोच करू नये.

आणि ज्यांना प्रयोगापेक्षा लेखणी अधिक प्रिय आहे, त्यांनी असे समजू नये की विज्ञानाचे अंगण आपणांस बंद आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली व तिला बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नंतर कळले, की हे टोपणनाव असून लेखक स्वतः जयंत नारळीकर आहेत! नावाच्या वजनावर निकाल लागू नये, म्हणून जगन्मान्य शास्त्रज्ञाने नाव लपवून स्पर्धेत उतरावे, यात स्पर्धा कशी खेळावी याचा उत्तम पाठ आहे.

पालकांस विनंती

पालकहो, आता चार शब्द आपणांस. बहुतेक शिष्यवृत्त्या बुद्धीअभावी जात नाहीत, कागदाअभावी जातात. तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँकेचे खाते, एवढी तयारी निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच करून ठेवावी. सर्व कागदांवर मुलाचे, वडिलांचे व आईचे नाव एकाच प्रकारे लिहिलेले आहे ना, हे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. एका वेलांटीच्या फरकाने अर्ज परत आल्यास मुदत निघून जाण्याचे भय असते. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटल्यास त्याला दुरूनच नमस्कार करावा.

आणखी दोन गोष्टी. वर्षास १२,००० म्हणजे महिन्यास १,००० रुपये. एवढ्यात शहरातील सर्व खर्च भागणार नाही, आणि हा पैसाही अर्ज व छाननी होऊन उशिरा हाती येतो. तेव्हा पहिल्या सहामाहीची तजवीज वेगळी असावी. दुसरी गोष्ट अशी, की मुलाच्या खात्यात आलेली रक्कम घरच्या अडचणीत मोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. प्रपंचाची ओढाताण आम्ही जाणतो. तरीही विनंती अशी, की ती रक्कम त्याच्या पुस्तकांची व जेवणाची आहे, असे मानून शक्य तोवर बाजूस ठेवावी. आणि हे सर्व मुलाइतकेच मुलीकरिताही करावे. सोराबजीबाईंचे दार सरकारने लावले होते. आपल्या मुलीचे दार घरातूनच लागू नये.

विद्यार्थिमित्रहो, निवड झाली तर ताठू नका आणि न झाली तर खचू नका. यादी दर वर्षी बदलते. विहिरीची खोली नीट मोजण्याची सवय जन्मभर टिकते. ज्यांच्या हाती पैशाची वृत्ती येईल, त्यांनी पुढे कमवू लागल्यावर आपल्या गावातील एका तरी मुलाच्या फीची काळजी वाहावी. म्हणजे टाटांच्या निधीप्रमाणे ते ऋण फिटेल आणि पुढेही चालत राहील.

अभ्यास

१. आपल्या इयत्तेस लागू असणाऱ्या दोन शिष्यवृत्त्यांची चालू वर्षाची परिपत्रके मिळवून त्यांतील रक्कम, अटी व मुदत वहीत लिहा.

२. आपल्या घरातील दाखल्यांवरील नावे ताडून पहा व फरक असल्यास पालकांच्या नजरेस आणा.

३. विहिरीचे उदाहरण ३ सेकंद धरून सोडवा. आवाजाची दुरुस्ती केल्याने उत्तर किती बदलले, ते सांगा.

४. आपल्या गावातील असा एक प्रश्न निवडा, की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही, पण मोजमाप करून मिळू शकते. ते मोजमाप कसे कराल व त्यात कोणत्या चुका संभवतात, हे दहा ओळींत लिहून आपल्या विज्ञानशिक्षकांस दाखवा.